राउटरमध्ये राखलेली जागा

"जो गावाले गेला, त्याची लाईन काढाची नाही, वं," बाबा म्हणाले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी आठ वर्षांची होते आणि ते नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते.

बाबांना जाऊन वर्ष होईल. आज सकाळी आईकडचा राउटर बदलायला आपल्या कॉलनीचे इंटरनेटवाले राजूभाऊ आले. जुन्याची मेमरी कमी पडते, म्हणून तो सारखा अडकतो. त्यांनी त्याची सेटिंग लॅपटॉपवर उघडली आणि हसले.

"काकाजींनं तं सगळ्यायले नावं देऊन ठेवले."

कुठल्या फोनसाठी राउटरमध्ये कायमची जागा राखायची, त्या यादीत तीन नावं होती: 'आईचा फोन', 'माझा फोन' आणि 'सुमी, आली की'.

सुमी म्हणजे मी. वीस वर्षं पुण्यात आहे, आणि बाबा असताना शेवटच्या दोन दिवाळ्यांना आलेच नाही.

"इथे तर रोज लाईट जाते. मग हे राहिलं कसं?" मी विचारलं.

"रॅममधलं लाईट गेली का उडून जाते, ताई. हे फ्लॅशमध्ये, पक्क्या मेमरीत, सेव्ह करून ठेवलं हाय, मनून राहिलं. आता पुसा लागन, डबा कंपनीत जमा होते."

मी डबा हातातून सोडला नाही. राजूभाऊ तो न्यायला उद्या परत येणार आहेत.

तुमच्यासाठीही कुणी अशी जागा राखली असेल, तर सणाची वाट न पाहता जाऊन या.

आणि राजूभाऊ, तुम्ही कॉलनीच्या या ग्रुपवर आहात. नियम मला ठाऊक आहे, तरी मागते: हा एक डबा न पुसता माझ्याकडे राहू द्या.