अंगठेबहाद्दर

आमची बटालियन त्या पोस्टवर गेली तेव्हा मी हवालदार होतो, मिसाइल डिटॅचमेंटचा नंबर वन. नंबर वन म्हणजे डागणारा. समोर नाला, नाल्यापलीकडे शत्रूची चौकी, अंतर अठराशे मीटर. माझा नंबर टू, म्हणजे मिसाइल भरणारा, होता नायक मनोहर राऊत, आमचा मन्या, भिवापूरचा. मी सक्करदऱ्याचा. सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांत आम्ही दोघेच नागपूरकडचे. आमचं 'का'ऐवजी 'काहून' ऐकून सगळे हसायचे. आम्ही हसू दिलं.

आता रिटायर होऊन घरी आहे. कॉलनीतले पालक सांगतात, साहेब, तुम्ही फौजी माणूस, आमच्या पोरांना मोबाईलवरचे खेळ सोडायला सांगा. मी सांगत नाही. त्यांना वाटतं मी उद्धट आहे. आहेच थोडा, पण कारण वेगळं आहे.

मन्याला मोटारसायकल शर्यतीच्या गेमचा नाद होता. ड्यूटी संपली की फोन हातात. वळणावर अंगठा जोरात दाबला की गाडी दरीत, हलका ठेवला की पार. मी दरीत जायचो, तो पार व्हायचा. सुभेदार शिंदे जुन्या वळणाचे. ते म्हणायचे, "काय अंगठेबहाद्दर, सही तरी येते का?" मन्या बी.ए. झालेला. म्हणाला, "येते साहेब. पण टार्गेटवर सही चालत नाही."

खाली तळावर पत्र्याच्या शेडमध्ये सिम्युलेटर होता. खऱ्यासारखी दुर्बीण, खऱ्यासारखी मूठ, मुठीवर अंगठ्याने हलवायचं बटण, आणि दुर्बिणीत खोटा डोंगर. खरं मिसाइल उभ्या नोकरीत दोन-तीनदा डागायला मिळतं. बाकी सगळं शिकणं या शेडमध्ये. मिसाइल सुटलं की काम संपत नाही, सुरू होतं. ते लागेपर्यंत अंगठ्याने हाकावं लागतं.

मन्याने पहिल्याच दिवशी दहापैकी दहा मारले. मी सहा. तरी नंबर वन मीच, कारण सीनियर मी. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. घरून आलेल्या डब्यातली एक वाळलेली मिरची काढली, बटणावर ठेवली आणि म्हणाला, "आता चालव. मिरची फुटली नाही पाहिजे."

माझी पहिल्याच फटक्यात फुटली. बी सांडलं.

"दाबू नको गा, नुसता ठेव अंगठा," तो म्हणाला.

त्याच हाताने मी डोळा चोळला आणि अर्धा तास बोंबलत बसलो. शिंदे साहेब हसून हसून खाली बसले.

त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी ०६४० वाजता, मन्या पाण्याचा जेरीकॅन घेऊन झऱ्याकडून वर येत होता. समोरच्या तीन नंबरच्या बंकरमधून मशिनगनचा एक बर्स्ट आला. मी रेडिओवर होतो. रेडिओवर आमच्या पोस्टचं नाव चार्ली.

"चार्ली, कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"नाव?"

"नायक राऊत."

"कंडिशन?"

"डॉक्टर नको, सर." पलीकडे कंपनी कमांडर मेजर साहेब होते. त्यांनी वेळ विचारून लिहून घेतली.

त्याला घेऊन मीच भिवापूरला गेलो. सलामी झाली, गर्दी पांगली. मन्याची आई ओट्यावर बसली होती. नवरा आधीच गेलेला, मन्या एकुलता. ती रडत नव्हती.

"मारणारा जित्ता आहे का गा?" तिने विचारलं.

"आहे, माय."

"मंग पाणी पी अन् जाय. जेवाले येशील तवा उत्तर घेऊन ये."

मी पाणी प्यालो आणि निघालो. नागपूरला घरी थांबलो नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, तो बंकर. लोक म्हणतात, सैनिक देशासाठी लढतो. बरोबर आहे. त्या दिवसांत मी एका माणसाचा सूड घ्यायला लढत होतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पोस्टवर पोचताच मेजर साहेबांपुढे उभा राहिलो. "सर, तीन नंबर मला द्या."

"वरून परवानगी मी आणतो. पण एकच मिसाइल मिळेल. तुमचा स्कोअर काय?"

"सहा, सर."

"सलग दहा दाखवा. नाहीतर दुसऱ्या कंपनीचा माणूस डागेल."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याने डागलं तर मी मायला काय सांगणार होतो? शेडमध्ये जाऊन बसलो. पहिले तीन शॉट चुकले. दुसऱ्या दिवशी सहाचे चार झाले. पडद्यावर बंकर दिसला की माझा अंगठा बटण चिरडायला बघायचा. मिसाइल वर उसळायचं, मग खाली, मग जमिनीत. राग जेवढा जास्त, तेवढा नेम वाईट. मला वाटायचं रागच नेम धरील. साफ चूक होती.

तिसऱ्या दिवशी शिंदे साहेब शेडमध्ये आले. हातात मन्याचा डबा. सामान घरी पाठवताना तो मागे राहून गेला होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

आत मिरच्या होत्या. एक बटणावर ठेवली. फुटली. दुसरी फुटली. मी फोनवर मन्याची ती शर्यत लावली, दोन तास वळणं घेतली, परत आलो. सहावी मिरची अख्खी राहिली. राग कमी झाला नव्हता. तो फक्त अंगठ्यातून निघून छातीत जाऊन बसला होता. पाचव्या दिवशी मेजर साहेब मागे उभे असताना सलग दहा मारले. ते एवढंच म्हणाले, "ठीक."

परवानगी आली. सकाळी ०७१५. हवा स्वच्छ. शिंदे साहेब स्वतः माझे नंबर टू म्हणून शेजारी पडले.

"चार्ली, टार्गेट दिसतंय?"

"दिसतंय, सर."

"फायर."

मिसाइल सुटलं. अकरा सेकंद. दुर्बिणीत बंकरची फट मोठी होत गेली. फटीमागे लोकरी टोपी घातलेलं एक डोकं हललं. तोच तो, हे मला कोण सांगणार? पण गन तीच होती, फट तीच होती. माझा अंगठा जड व्हायला लागला. मनात स्वच्छ ऐकू आलं, दाबू नको गा. मी दाबला नाही. नुसता ठेवला.

फटीतच लागलं.

"टार्गेट डिस्ट्रॉइड. ओव्हर."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? शिंदे साहेबांनी माझा उजवा हात धरला, अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अंगठेबहाद्दर." त्यांना मी दिसत होतो की मन्या, मी विचारलं नाही.

रजेवर येताच भिवापूरला गेलो. मायने दारातच विचारलं, "जित्ता आहे का?"

"नाही."

तिने पाट मांडला. ठेचा, भाकर, वरण. मी पोटभर जेवलो.

आता दर नोव्हेंबरात मी तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेतो. मन्याचं लग्न झालं नव्हतं, पेन्शन आईला मिळतं. मागच्या वर्षी यंत्र तिचा ठसा घेईना. जन्मभर मिरच्या खुडून अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या. क्लार्क म्हणाला, "आजी, जोरात दाबा." तिने नख पांढरं होईपर्यंत दाबला. लाल दिवा. पुन्हा लाल.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दाबू नको वं माय, नुसता ठेव अंगठा."

तिने ठेवला. हिरवा दिवा लागला.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. "हे तुले कोणं सांगितलं?"

"मन्यानं. मिसाइल सोडलं त्या दिवशीही हेच मनात होतं."

तिने स्वतःचा अंगठा उलटून बघितला.

"लहान होता तवा मिरच्या खुडाले बसवत होती मी त्याले. दाबून धरे, बी सांडे. मीच सांगत होती, दाबू नको गा, नुसता ठेव." मग तिने चप्पल पायात सरकवली. "म्हणजे तो मारणारा मेला तं माह्याच हातानं मेला."

इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

घरी आल्यावर तिने तीन ताटं वाढली. तिसऱ्यात ठेचा जास्त होता. मन्याला तिखट लागायचं.