सेलेपची गाठ

सेलेपच्या हातचा हार बरोबर एक वर्ष टिकतो. यंदाच्या राळ्याच्या सुगीला गळ्यात घातला की पुढच्या सुगीच्या आगेमागे तो तुटणार म्हणजे तुटणार. कुणाचा नाचताना तुटतो, कुणाचा चर्चमध्ये जोरात शिंक आली म्हणून. आमच्या या डोंगरातल्या गावात कुणाची नोकरी वर्षभरात सुटली की लोक म्हणतात, "सेलेपची गाठ हो, दुसरं काय!"

बाई आता चौऱ्याहत्तरची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना भात वाढला, नवरा गेला, गुडघे गेले, पण मणी काही सुटले नाहीत. सातव्या वर्षी आईच्या डब्यातले मणी चोरून ओवायला बसली, ती अजून उठलेली नाही. दारापुढे काळ्या दगडाचा कट्टा, मांडीवर सूप, सुपात काचेचे मणी. दोरा मात्र दुकानातला नाही हं! झाडाची साल सोलून, सुकवून, स्वतःच्या मांडीवर वळलेला. दुकानातला दोरा म्हणे मण्यांना आवडत नाही. मण्यांनी हे हिच्या कानात कधी सांगितलं, देव जाणे.

मजुरीचं नाव काढलंत तर शिव्या खाल. हार तुटला की मणी रुमालात बांधायचे, वाटेत सुपारी घ्यायची आणि कट्ट्यावर येऊन बसायचं. मग सेलेप एकेक मणी उचलते, त्याचं नाव घेते आणि प्रत्येक मण्याबरोबर एक प्रश्न टाकते. मोराच्या मण्याला जावयाची चौकशी, जमिनीच्या मण्याला भावकीचं भांडण, 'सूर्याचा अश्रू' नावाच्या मण्याला दुखणीखुपणी. हार ओवून होईतो समोरच्याचं पोट रिकामं आणि सेलेपचं भरलेलं. गावच्या पाद्र्याला जे ठाऊक नाही ते हिला ठाऊक असतं.

एका सुगीला तर कमालच झाली. शंभरेक माणसं हातात हात घालून गोल नाचत होती आणि एकाच गाण्यात तिघींचे हार तुटले. गाणं थांबवता येईना आणि मणी सोडवेनात. अख्खं गाव कमरेत वाकून, गात गात मणी शोधत होतं. सेलेप एका कडेला अगदी साळसूद चेहरा करून उभी.

"अगं, दोन गाठी जास्त मारल्यास तर तुझ्या बापाचं काय जातं?" शेजारच्या लाव्हाउसनं त्या दिवशी विचारलं. लाव्हाउस म्हणजे साठ वर्षांपासूनची मैत्रीण, आणि तोंडाला कुलूप नाही.

"मारल्या तर तू तरी वर्षभर माझ्या कट्ट्यावर फिरकशील का?" सेलेप म्हणाली. राळ्याच्या दारूच्या दोन वाट्या पोटात होत्या, म्हणून म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर साफ कानांवर हात.

तर अशा बाईच्या नातीचं लग्न ठरलं. मुआकाय तिचं नाव. आई शहरातल्या कारखान्यात, म्हणून पोरगी आजीनंच वाढवलेली. आमच्याकडे आजीला वुवू म्हणतात आणि आजीनंही नातीला वुवूच म्हणायचं. त्यामुळे या दोघींच्या भांडणात कोण कुणावर ओरडतंय ते शेजाऱ्यांना कधीच कळलं नाही. नवरा मुलगा चाओ-मिंग, कीलुंगचा. म्हणजे आमच्या डोंगरापासून लांब, बेटाच्या पार उत्तर टोकाला, बंदरावर. घरचा मासळीचा धंदा.

लग्नाचा हार कोण ओवणार हा प्रश्नच नव्हता. पण मुआकाय चाओ-मिंगला घेऊन आली, ती प्लॅस्टिकच्या दोऱ्याचं एक रीळ घेऊनच.

"वुवू, माझा हार यात ओव."

"हे काय आहे?"

"मासे पकडायचा दोरा. यानं आणलाय."

"का? माझ्या दोऱ्याला काय धाड भरलीय?"

"वर्षात तुटतो तुझा दोरा."

"मग? तुटला की ये. ओवून देते."

"अख्खा दिवस जातो गं यायला! तिथे शिंक आली की इकडे धावत येऊ का?"

चाओ-मिंग बिचारा मदतीला धावला. "आजी, एकदम पक्का आहे. तीस किलोचा मासा ओढला तरी तुटत नाही."

"माझी नात मासा आहे का रे?" सेलेप म्हणाली. लाव्हाउस इतकी हसली की तिची सुपारी घशात गेली.

हसणं झालं, पण त्या दिवशी सेलेप जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच कट्ट्यावर बसली. सुपात मणी, मधोमध ओवायचा तिच्या आईचा जुना मणी, आणि शेजारी ते रीळ.

"मार की तुझी नेहमीची," लाव्हाउस हळूच म्हणाली. "दोरा कसला का असेना, गाठ तुझी आहे ना?"

सेलेपनं रीळ हातात घेऊन फिरवलं. मग डोक्याच्या रुमालानं डोळे टिपून म्हणाली, "पोरी लांब गेल्या की फोन करतात गं. येत नाहीत. ही पण यायची नाही. पण तिनं पक्कं मागितलंय. आणि आईचा मणी त्या बंदरावर कुठल्या गटारात गेला, तर मी कुठल्या तोंडानं मरू?"

आणि तिनं जन्मात मारली नव्हती अशी गाठ मारली. एक नाही, सात. वर लायटरनं टोकं वितळवून चिकटवली. हार ओढून पाहिला. तुटायचं नाव नाही. एवढं चांगलं काम करून इतकं वाईट वाटलेली बाई लाव्हाउसनं दुसरी पाहिली नाही.

लग्नात रीतीप्रमाणे मुआकायला उंच झोक्यावर बसवून झुलवलं, हार जागचा हलला नाही. पोरगी कीलुंगला गेली.

वर्ष गेलं. सुगी जवळ आली तसे रुमाल यायला लागले. सेलेप ओवत होती, पण प्रश्न विचारायचं विसरत होती. एकीच्या जावयानं दुसरं घर केल्याची बातमी तिच्या हातून निसटली, म्हणजे बघा! एकदा मुआकायचा फोन आला.

"हार कसा आहे, वुवू?" सेलेपनं विचारलं.

"ठणठणीत! जरासुद्धा सैल नाही."

"वा वा, छान," सेलेप म्हणाली आणि फोन ठेवून दिवसभर सूप हातात घेतलं नाही.

सुगीला दोन दिवस राहिले होते. सेलेप आणि लाव्हाउस कट्ट्यावर विड्याची पानं पुसत होत्या, तेवढ्यात चढावरून मुआकाय येताना दिसली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रुमाल.

"तुटला, वुवू."

"कसा?"

"शिंकले."

सेलेपनं रुमाल सोडला. मणी मोजले, सगळे होते, आईचाही होता. मग तिनं दोरा उचलून डोळ्यांजवळ नेला. साती गाठी जशाच्या तशा. वितळवलेलं टोकही तसंच. दोरा तुटला होता तो भलतीकडेच, आणि सरळ, स्वच्छ. कात्रीनं कापल्यावर तुटतो तसा.

लाव्हाउसनंही वाकून पाहिलं. तोंड उघडणार, तेवढ्यात सेलेपनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली.

"नवऱ्याला सांग, दुकानदारानं फसवलं," सेलेप म्हणाली. "तीस किलोचा मासा म्हणे! एका शिंकेत गेला."

"हो ना," मुआकाय जमिनीकडे बघत म्हणाली. "काही भरवसा नाही हल्ली."

सेलेपनं सूप मांडीवर घेतलं. गेल्या वर्षीच्या त्या रिळातला दोरा सुईत जाईना. मुआकायनं सुई काढून घेतली आणि रिळाकडे न बघता सालीचा दोरा ओवला.

"तो नको. तो वर्षभरच टिकतो," सेलेप म्हणाली. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडानं, शुद्धीत.

"ठाऊक आहे," मुआकाय म्हणाली. "सरक की जरा."

सेलेप सरकली. नाक पुसलं, आणि सुपातून मोराचा मणी उचलला.

"हं. नातजावयाचं काय चाललंय? सगळं सांग."