केळीच्या टाकीतला निळा उजेड

पाण्याचा तिसरा रिपोर्टही फेल आला, तेव्हा आबा माझ्या टेबलासमोर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. चहा तसाच.

"लाइट तर चालू शे ताई. मंग जंतू कथाईन येतस?"

आबांचं चोपड्याजवळ केळीचं पॅकहाउस होतं. शेतातून घड येतात, बायका त्यांच्या फण्या कापतात, टाकीत धुतात, खोक्यांत भरतात, आणि माल परदेशी जातो. मी तेव्हा जळगावच्या एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट होते. नोकरीला लागले तेव्हा माझ्या सहीवर विश्वास ठेवणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आबा. येताना एक फणी आणायचेच. आता निवृत्त आहे, पण पिकल्या केळीचा वास आला की मला अजून लॅबमधला जंतू वाढवायचा इनक्युबेटर आठवतो.

अडचण धुण्याच्या पाण्याची होती. टाकीतलं पाणी दिवसभर फिरवून पुन्हा वापरायचे. त्यात कोलिफॉर्म, म्हणजे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे जंतू, सापडत होते. केळं सोलून खातात हे खरं, पण सालीला लागलेला हातच आतल्या गराला लागतो. खरेदीदाराला क्लोरिन नको होतं, म्हणून आबांनी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, बसवला. स्टीलच्या नळकांड्यात काचेची नळी, तिच्यात दिवा, आणि काचेच्या बाहेरून टाकीचं पाणी वाहतं. तो उजेड जंतूंचा डीएनए बिघडवतो, मग त्यांची वाढ होत नाही.

खरेदीदाराने आता शेवटची संधी दिली होती. माल बंद झाला असता तर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या चाळीस बायका घरी बसल्या असत्या.

आबा हळूच म्हणाले, "या खेपेला सॅम्पल बोअरच्या नळाचं घेतलं तर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. इतक्या वर्षांत त्यांनी असं काही सुचवलं नव्हतं. मला राग नाही आला, वाईट वाटलं.

"आबा, सॅम्पल टाकीचंच घेईन. पण उद्या मी स्वतः येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोचले. आबा जेवढ्यास तेवढं बोलत होते. मी आठ, अकरा, दोन आणि चार वाजता बाटल्या भरल्या आणि आइसबॉक्समध्ये ठेवल्या. सकाळी पाण्यात टाकीचा तळ दिसत होता. दुपारी तेच पाणी ताकासारखं झालं.

फण्या कापणाऱ्या हिराअक्का माझ्याकडे बघत होत्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी तळहात पुढे केले. काळे डाग, बोटं चिकट.

"हाऊ केळीना चीक शे म्याडम. साबनवरी बी जास नही. त्या काचवर बसत नही व्हई का?"

मी इन्स्टॉलेशनचे कागद वाचले होते, व्होल्टेज तपासलं होतं, दिव्याचे तास मोजले होते. काच बघितली नव्हती. झाकणातल्या बारीक भिंगातून निळा उजेड दिसत होता, तेवढ्यावर सगळे खूश होतो.

चारची बाटली भरल्यावर मेन स्विच बंद केला, कारण हा उजेड डोळ्यांना आणि कातडीला वाईट. मिस्त्रीने नळकांडं उघडलं. काचेवर तपकिरी थर होता, जुन्या किटलीला आतून बसतो तसा. इतके दिवस दिवा आत जळत होता आणि पाणी अंधारातून जात होतं. कंपनीच्या माणसाने महिन्यातून एकदा काच पुसा असं सांगितलं होतं. त्याच्या डोक्यात बोअरचं स्वच्छ पाणी होतं, केळीचा चीक नव्हता.

दोन दिवसांनी लॅबमध्ये प्लेटवर वाढलेले जंतू मोजले. आठचं, ताज्या पाण्याचं सॅम्पल पास, अकराचं काठावर, दोन आणि चारची फेल. काचेवरच्या थराबरोबर गढूळ पाणीही उजेड अडवत होतं हे स्पष्ट झालं.

मग आबांनी फण्या आधी वेगळ्या टाकीत तुरटीच्या पाण्यात टाकायला सुरुवात केली, म्हणजे चीक तिथेच सुटेल. यूव्हीच्या आधी वाळूचा फिल्टर लावला. पाणी दुपारी बदलायचं ठरलं. काच रोज लिंबूसत्त्वाने धुवायची, आणि ते काम हिराअक्कांकडे.

पुढचं सॅम्पल मी चार वाजताच घेतलं, टाकीचंच. पास झालं. आबांना फोन केला.  ते म्हणाले, "त्या दिनले मी चुकनू ताई." मी म्हटलं, "फणी पाठवा."

आबा आता नाहीत. पॅकहाउस त्यांची सून चालवते. नवीन पॅकहाउसवाले मला अधूनमधून फोन करतात, कोणतं यूव्ही मशीन घेऊ म्हणून विचारतात. मी विचारते, काच कोण धुणार? ते कंपनीचं नाव सांगतात. मी माणसाचं नाव विचारते.