कढीपत्त्याचा दावा

आता काय सांगू तुम्हाला… खरं तर सांगायचंच नाहीये. घराबाहेर ब्र काढायचा नाही, असं बाबांनी बजावलंय. पण हे एकटीनं किती दिवस सांभाळू?

आम्ही लंडनमध्ये, पिनरला राहतो. गेल्या महिन्यातल्या वादळात शेजारच्या कॉलिनअंकलच्या आणि आमच्या मधलं कुंपण पडलं, ते थेट आईच्या कढीपत्त्यावर! प्रत्येक हिवाळ्यात बाळासारखं घरात आणून जपलेलं झाड!

"कोर्टात खेचतो त्याला!" बाबा गरजले.

बाबा पुण्याचे, मी जन्मले इथे. पुण्यात हे वाक्य रिक्षावाल्यापासून सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांना ऐकवतात आणि मग चहा पितात, हे मला कसं कळणार? मला वाटलं, बाबांना ऑफिसमधून वेळ कुठला? आपणच मदत करावी.

सरकारी वेबसाइटवर वाचलं. आधी समोरच्याला पत्र द्यायचं. काय झालं, काय हवंय, उत्तराला मुदत किती. नाहीच ऐकलं, तर काउंटी कोर्टात, म्हणजे इथल्या दिवाणी कोर्टात, दावा. मी सगळं पायरीपायरीनं लिहिलं, खाली बाबांचं नाव घातलं आणि अंकलच्या दारातल्या टपालाच्या फटीतून पत्र आत सोडलं.

खटॅक!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कोर्ट म्हणजे जज्ज. जज्ज म्हणजे साक्ष. आणि मला तर वर्गात हजेरीलाही आवाज फुटत नाही! पत्र परत काढायला फटीतून हात घातला… तो अडकला. तेवढ्यात दार उघडलं. दाराबरोबर मीही आत!

"ओह डिअर," अंकल म्हणाले.

संध्याकाळी ते पत्र घेऊन आमच्याकडे आले.

"कम इन, कॉलिन! चहा?" बाबांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही!

"सॉरी, पण ते कुंपण तुमचं आहे. घराच्या कागदांत तसंच आहे. माझे गुलाबही गेले. दावा कसा लावतात ते माहीत नव्हतं, म्हणून गप्प होतो." मग माझ्याकडे बघून गोड हसले. "युअर लेटर वॉज व्हेरी क्लिअर."

बाबांनी पत्र वाचलं. मी हळूच दाराकडे सरकले.

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, खेचतो म्हणून?"

"अगं, ते म्हणायचं असतं! करायचं नसतं!"

अंकलनी कुंपण उभारायला मुदत दिलीय. माझ्याच पत्रातली! ती आज संपतेय. बाबा अजून खड्डेच खणतायत. आमच्यावर दावा लागलाच, तर त्यात एकही चूक सापडणार नाही, कारण तो अंकलना शिकवला कुणी, तर मीच आणि—

"ओ वकीलबाई! खांब कोण धरणार? पळत ये, अंकल खिडकीतून बघतायत!"