लॉटरीचं टेंडर आणि मामाची मुलगी

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरच्या एका सल्लागार कंपनीत होतो. एका छोट्या बेटांच्या देशाला राष्ट्रीय लॉटरी चालवण्याचा परवाना नव्याने द्यायचा होता. जुनी कंपनी वर्षानुवर्षं एकटीच, त्यामुळे तिकीटविक्रीतला तिचा वाटा भरमसाट. आमचं काम एवढंच, की आणखी कुणीतरी स्पर्धेत उतरावं. आणि कुणी उतरेना.

"देश लहान, धंदा लहान. कोण येणार, लाह?" माझे चिनी साहेब तिथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडून म्हणायचे. मी मान डोलवायचो.

खरं कारण मला ठाऊक होतं. टेंडरमधल्या तांत्रिक अटी मी लिहिल्या होत्या, जुन्या कंपनीच्या मशीनचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवून. आळस, दुसरं काय! तिकिटाच्या कागदाची रुंदीसुद्धा त्यातलीच. त्या अटींत दुसऱ्या कुणाचं मशीन बसणंच शक्य नव्हतं.

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवताना शेवटी बायकोला सांगितलं. तिचा आमटीचा डाव हवेतच राहिला.

"म्हणजे पेपरात 'वधू पाहिजे' द्यायचं, आणि अटी सगळ्या मामाच्या मुलीच्या मापाच्या!"

"हसू नकोस गं."

"मग काय करू? बाकीच्या मुलींच्या बापांनी कशाला यावं तुमच्या दारात?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, मशीन कसं असावं ते आपण सांगायलाच नको. काम काय व्हावं तेवढं लिहू, आणि मुदत वाढवून घेऊ. "गुड आयडिया," ते म्हणाले. आधीच्या अटी तशा का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

मुदत संपली त्या दुपारी फॅक्स आला. तीन निविदा! मी ऑफिसच्या चहाच्या खोलीत जाऊन नुसता उभा राहिलो. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. साहेबांनी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, सगळ्यांना जेवू घातलं आणि स्पर्धा वाढवल्याचं श्रेय चारचौघांत मला दिलं. ते मी मुकाट्याने घेतलं. दार आधी मीच लावून घेतलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

परवाना अखेर जुन्या कंपनीलाच मिळाला. पण समोर दोघे उभे दिसल्यावर तिने आपला वाटा चांगलाच खाली आणला होता.

"कोण ठरली मग?" बायकोने दारातच विचारलं.

"मामाचीच मुलगी."

"असू दे. चार स्थळं बघून केलीत ना? बसा जेवायला."

बऱ्याच आठवड्यांनी मी भात मागून घेतला.