रविवारची झोळी

माझ्या लेकीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं लग्नाच्या आधीपासून धरून ठेवलेलं, आणि मी तिला फोनवर सांगितलं, येऊ नकोस. मी लोहगडवाडीची आशाताई. वाडीतल्या कुठल्या गरोदर बाईची तपासणी कधी, कुणाला गोळ्यांनी मळमळतं, कुणाची सासू त्याच गोळ्या चुलीमागं सारते, सगळं मला तोंडपाठ. अशा बाईनं पोटच्या पोरीला दार लावून घ्यावं, हे तिला कळत नाही. मलाही धड सांगता येत नाही.

मी मुळात भित्री. घरात पाल दिसली तर खाटेवर चढून बसणारी. आशाचं काम घेतलं तेव्हा नवरा पोट धरून हसला होता. पण लोकांना भित्री आशा चालत नाही, म्हणून एक वाक्य मी घोटून घोटून पाठ केलं, "घाबरू नका, मी हाय ना." ते म्हटलं की समोरच्याचा जीव जरा भांड्यात पडतो. माझा नाही पडत, पण ते कुणाला दिसत नाही.

आमचं काम गावांवर वाटलेलं. या वाडीतली बाई माझी, पलीकडच्या गावातली तिथल्या आशेची. कागदावर हे फार छान दिसतं. पण आमच्याकडं पोरगी पहिल्या खेपेला ओटी भरून माहेरी येते आणि इथंच वाटणी उसवते. सासरची आशा म्हणते ती गेली असेल, माहेरच्या आशेला पत्ताच नसतो की ती आली. मधल्या काळात ती कुणाचीच नसते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी मी आमच्या टपरीवर चहा गाळत होते. पावसाळी रविवार म्हणजे सगळी वाडी टपरीवर. गडावर चढणारे, उतरणारे, ओले, भुकेले, प्रत्येकाला आधी मलाच द्या. तेवढ्यात समोरच्या भजीच्या टपरीवरची वहिनी रस्ता ओलांडून आली.

"ताई, जरा लेकीचं डोकं बघता का? सकाळधरनं ठणकतंय. दोनदा मीठमिरच्या उतरून टाकल्या, तर मिरच्यांचा ठसकाच आला न्हाई. लय कडक दृष्ट लागलीया."

"कुटली लेक?" मी म्हटलं. तिची लेक मुळशीकडं दिलेली होती.

"आली की काल. पुढच्या आठवड्यात येणार व्हती, पर म्हटलं, रविवारची गर्दी, तेवढाच हात."

बाळंतपणाला आणली आणि कांदे चिरायला बसवली! माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी टपरीच्या मागं वाकून बघितलं आणि बोलणं तसंच राहिलं. पोरगी पोत्यावर बसली होती. तोंड सुजलेलं, हातातल्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. आई कौतुकानं म्हणाली, "कशी भरलीया बघा. अंगावर बाळसं आलंय." पोरीनं माझ्याकडं बघितलं खरं, पण नजर माझ्या खांद्यावरून कुठंतरी गेली. "मावशी, डोळ्याफुडं चांदण्या चमकत्यात," ती म्हणाली.

बीपीचं मशीन घरात होतं, ते पळत जाऊन आणलं. पट्टा बांधला, आकडा बघितला, मशीन बिघडलं असेल म्हणून परत बांधला. दुसऱ्यांदा आकडा आणखी वर गेला. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलेलं, सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं चमकणं आणि बीपी, हे सगळं एकत्र दिसलं तर कुठल्याही क्षणी झटके येतात. मग आई जाते, बाळ जातं, किंवा दोघंही. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. आता ते माझ्या पुढ्यात कांद्याच्या सालीत बसलं होतं.

"घाबरू नका, मी हाय ना," मी म्हटलं. गुडघे इतके लटपटत होते की उठताना टपरीच्या बांबूला धरावं लागलं.

देवळामागच्या दगडावर चढलं की मोबाइलला रेंज येते. तिथून ॲम्ब्युलन्सला फोन केला, खालच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला केला. सिस्टरनं मोजकंच सांगितलं. डाव्या कुशीवर ठेव, खायला काही देऊ नकोस, आणि काय वाटेल ते कर पण लवकर खाली आण. ॲम्ब्युलन्स लगेच निघाली आणि पायथ्याच्या भाजे गावात येऊन थांबली. तिथून वर खिंडीपर्यंत गाड्याच गाड्या, दोन्ही बाजूंना लावलेल्या, मधे अडकलेल्या. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "ताई, सायकल पण वर येणार नाही."

मोटरसायकलवर बसवायचं म्हटलं तर वाटेत झटका आला की संपलं. बाज काढली, ती गाड्यांच्या मधून जाईना. मग पोरीच्या भावानं भजीच्या टपरीचा मधला बांबू उपसला. छपराची ताडपत्री तळणीवर कोसळली, गिऱ्हाइकं ओरडत बाजूला झाली. त्यानं बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. पूर्वी वाडीतली आजारी माणसं अशीच खाली नेत, हे मी ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. टपऱ्या उघड्या टाकून माणसं आली, रविवारचं गिऱ्हाईक तसंच सोडून. पोरीला डाव्या कुशीवर झोळीत घातली आणि आम्ही उतरायला लागलो.

तो उतार मला अजून स्वप्नात येतो. पाऊस, हॉर्न, गाड्यांतली गाणी. दोन गाड्यांच्या फटीतून झोळी तिरकी करून काढायची, आरसे मुडपायचे, काचांवर थापा मारायच्या. मी झोळीला धरून चालत होते आणि पोरीला बोलतं ठेवत होते. नवऱ्याला काय आवडतं, सासूबाई कशा, काहीही. ती हूं म्हणायची. एका वळणावर रेनकोट घातलेला एक जण मोबाइल रोखून पुढं आला आणि हसत म्हणाला, "मावशी, ही डोली गडावर न्यायचं काय घेता?"

मी आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली, आणि अशी दिली की पुढचे झोळीवालेसुद्धा वळून बघायला लागले. तो माणूस आधी दचकला, मग त्याला झोळीतलं पोट दिसलं. मोबाइल खिशात घालून तोच आमच्या पुढं पळत सुटला, गाडीवाल्यांवर ओरडत, काचा बडवत. त्यानं बरीच वाट मोकळी करून दिली, हे मी कबूल केलं पाहिजे.

भाजे दिसायला लागलं आणि पोरगी हूं म्हणायची थांबली. मी हाक मारली, परत मारली. डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं. तिची आई मागून विचारत होती, "ताई, बोलती का? बोलती का ती?" मी म्हटलं, "व्हय, बोलती." ते खोटं मी कोणत्या जिवावर बोलले मला माहीत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ही माझ्या हाताखाली मरणार आणि मी तिच्या आईला खोटं सांगत राहणार.

ॲम्ब्युलन्समध्ये आडवी करताच झटका आला. सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, मग थरथरायला लागलं. आतल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. मी तिचे पाय धरून बसले होते आणि रडत होते, आणि तोंडानं तेच चालू, घाबरू नका, घाबरू नका.

ती वाचली. बाळही वाचलं, मुठीएवढं होतं, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुळशीची आशा मला पहिल्यांदा भेटली. बिचारी दोन एसट्या बदलून आली होती. "मला वाटलं ती घरीच हाय," ती परत परत म्हणत होती. आम्ही दोघींनी तिथंच ठरवलं, पोरगी गावातून निघाली की त्याच दिवशी दुसरीला फोन. नंतर आजूबाजूच्या गावांतल्या बाकीच्या जणींनाही हे सांगितलं, आणि आता असे फोन येतात. तुमच्या गावची लेक आज निघाली, संध्याकाळी पोचेल, पाय बघा तिचे.

पण फोननं रस्ता मोकळा होत नाही. माझ्या लेकीचे दिवस ऐन पावसाळ्यात भरताहेत. तिचं सासर चाकणजवळ, दवाखाना हाकेच्या अंतरावर. म्हणून मी नको म्हटलं. तर म्हणाली, "साऱ्या वाडीच्या पोरींचं करतीस, माझंच जड झालं व्हय?" आणि फोन ठेवला. मीच तिकडं जाऊन राहीन म्हटलं, तर इथं वाडीतल्या दोन बायांचे दिवस त्याच सुमारास आहेत. त्यांना सोडून कशी जाऊ?

शेवटी परवा लेकीच्या सासरच्या आशेला फोन केला. आवाजावरून कोवळी पोरगी वाटली. मी तिला सगळं सांगितलं, झोळीसकट. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग मी विचारलं, "दवाखाना जवळच हाय न्हवं?"

"जवळच हाय ताई," ती म्हणाली. "फक्त कंपन्या सुटायच्या टायमाला आमचा रस्ता पण असाच भरतो. माणूस चालत सुदिक निघत न्हाई."

मग तीच घाईनं म्हणाली, "पण तुम्ही घाबरू नका, मी हाय ना."

ते वाक्य म्हणताना बाईचे गुडघे कसे लटपटतात, ते मला माहीत आहे.