दिवसा उतरवलेला कंदील

आमच्या मिस्त्रींची उमर आखातातल्या तेलविहिरींवर गेली होती. तिथं जमिनीखाली चुनखडीचा दगड, आणि तेल त्याच्या बारीक फटींत अडकलेलं. फटी रुंद करायला आत अ‍ॅसिड ढकलतात. पण साधं अ‍ॅसिड उपाशी माणसासारखं तोंडाशीच चुना खाऊन संपतं, लांबच्या फटी तशाच राहतात. म्हणून तिथं ते डिझेलमध्ये घुसळून संथ करत. मिस्त्री जालन्याला मस्तगड भागातल्या घरी परतले आणि तीच विद्या त्यांनी पाण्याच्या बोअरला लावली. इथला दगड काळा, पण भेगांत पांढरा चुना बसलेला. पिण्याच्या पाण्यात डिझेल चालायचं नाही, म्हणून ते गवारीच्या बियांचं पीठ कालवून अ‍ॅसिड दाट करत. "जल्दी बिलकुल करायची न्हाई," एवढंच सांगत.

मी कोकणातला, सातवीत शाळा सोडलेला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बायको गावी, तिला दिवस गेलेले. चार महिन्यांपूर्वी मिळालेली ही नोकरी जाईल की काय, हे भय भाकरीबरोबर रोज पोटात जायचं.

बदनापूरच्या पुढं एका म्हाताऱ्याची विहीर होती. घरचे बौद्ध झाले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यानं भावकीला घेऊन खोदलेली. "तवापास्नं पाण्यासाठी कुणाच्या दारात उभं राह्यलो न्हाई," म्हणायचा. दुष्काळानंतर विहिरीच्या तळाला बोअर मारलं होतं, आता चुन्यानं त्याची धार बारीक झाली होती. आम्ही काठावरून नळी सोडून अ‍ॅसिड बोअरमध्ये ओतलं. पीठ पहिल्यांदाच मी एकट्यानं कालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सामानासाठी जालन्याला गेले. "मी येईस्तोवर कशालाच हात लावू नको."

मी डब्यात उरलेलं अ‍ॅसिड काचेच्या पेल्यात घेतलं, त्यात चुनखडीचा खडा टाकला. साध्या अ‍ॅसिडमध्ये खडा फसफसून उठतो. हा नुसता बसून राहिला. विहिरीतूनही काही आवाज नाही. आणि भिंतीतल्या कपारींत राहणारे पारवे सकाळपासून बाभळीवर बसलेले. एकही आत जात नव्हता.

पीठ जास्त झालं, अ‍ॅसिड मेलं, असं मी ठरवूनच टाकलं. खाली उतरून नळीचं तोंड मोकळं करावं, वरून साधं अ‍ॅसिड ओतावं, मिस्त्रींना कळायलाच नको. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ओ अ‍ॅसिडवाले पाव्हणं! कुठं निघाला?" म्हातारा बांधावरून ओरडला.

"जरा बघून येतो."

"दिवा सोडल्याबिगर? माझा भाऊ असाच गेल्ता एका आडात. हाक मारायलाबी सवड न्हाई भेटली त्याला."

भर दुपारी त्यानं कंदील पेटवला. सून निंदणी सोडून हसत आली. "मामंजी, ऊन कमी पडलं का आज?"

कंदील दोरानं खाली गेला. अर्ध्यावर ज्योत लांब झाली, मग लाल, मग गेली. वाऱ्याची झुळूक नव्हती, दोरसुद्धा हलला नव्हता. म्हाताऱ्यानं तो वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. भिंतीतल्या त्याच दगडापाशी विझला. तिसऱ्यांदाही त्याच. कुणीतरी तिथं बसून फुंकर घालत होतं म्हणावं इतकं नेमकं. वातीचा धूर वर आलाच नाही. दुधावर साय धरावी तसा तिथंच, हवेत, आडवा पसरला.

सुनेचं हसू थांबलं. मी पायरीवरून मागं येऊन काठावर बसलो.

मिस्त्री आले तेव्हा तो धूर अजून तरंगत होता. मी सगळं सांगून टाकलं.

"आवाज का नाही मग?" मी विचारलं.

"आवाज केला असता तर कालच संपलं असतं. ते चुना खाऊन राह्यलं, हळूहळू. त्याचीच हवा ही, जड. विहीर भरली तिनं." मग हळूच, "किती पायऱ्या गेल्तास?"

"एक."

ते माझ्याशेजारी खाली बसले. "पुढच्या बोअरचं पीठबी तूच कालव," म्हणाले. "आणि पुन्हा माझ्यापासून लपवू नको."

पेल्यातला खडा मी बोटभर काडीनं टोचला. वरून अख्खा दिसत होता, आत पार पोखरलेला.

दोन दिवस आम्ही ती जड हवा हलवायला कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून विहिरीत खालीवर ओढत राहिलो. तिसऱ्या दिवशी कंदील पाण्याला टेकला तरी जळत राहिला. एक पारवा आत गेला. बोअरच्या तोंडात रुतलेली नळी काढायला कुणीतरी उतरायलाच हवं होतं. म्हाताऱ्यानं माझ्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

खाली बोअरच्या तोंडातून अधूनमधून एकेक बुडबुडा येत होता, झोपेत कुणी उसासा सोडावा तसा. वरून म्हातारा दर पायरीला विचारायचा, "हायेस का?"

आणि मी, कोकणातला माणूस, त्याच्याच बोलीत ओरडायचो, "हाय, बाबा. हाय."